‘इंटरस्टेलर’: वर्षांचा ताळेबंद आणि माणसांचे हेतू – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रिस्टोफर नोलनचा हा १६९ मिनिटांचा पिक्चर नोव्हेंबर २०१४ मध्ये आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो आपल्याकडे पुन्हा आयमॅक्सच्या पडद्यावर लागला आणि पहिल्या वेळी शाळेत असलेली पोरं यावेळी स्वतःच्या पगारातून तिकीट काढून गेली. पाहून आलेला माणूस दोनच प्रकारचे प्रश्न विचारतो. वर्षांचा हिशेब लागतो का, आणि अमुक माणूस तसं का वागला. मी हा पिक्चर एकदा वही-पेन घेऊन, दर दोन मिनिटांनी थांबवत पाहिला आहे (त्या दिवशी घरातलं कुणीही माझ्याबरोबर बसायला तयार नव्हतं). त्या वहीतले आकडे आणि त्यावरून बनलेली माझी मतं खाली आहेत. शेवटासकट सगळं फोडलेलं आहे. पिक्चर पाहिला नसेल तर आधी पाहून या.

सगळा घटनाक्रम एका दमात सांगा बरं.

धुळीने मरत चाललेल्या पृथ्वीवरचा शेतकरी आणि पूर्वीचा वैमानिक कूपर माणसांसाठी नवा ग्रह शोधायला घर सोडतो ते वर्ष शून्य धरू. त्याच्या ४८ वर्षं आधी शनीजवळ वर्महोल (फार दूरच्या ठिकाणी नेणारा अवकाशातला बोगदा) दिसायला लागलं. १० वर्षं आधी लाझारस मोहिमेत बारा जण, प्रत्येक जण एकटा, त्यातून पलीकडच्या बारा ग्रहांकडे गेले. शून्य साली कूपरचा टॉम १५ चा आणि मर्फ १० ची. शनीपर्यंत जायला दोन वर्षं. वर्महोल ओलांडून लाझारसमधल्या मिलर या बाईच्या ग्रहावर उतरून वर येईपर्यंत पृथ्वीवर २३ वर्षं ४ महिने ८ दिवस गेले. म्हणजे २५ पार झाली. पुढे लाझारसमधल्याच डॉ. मानचा ग्रह. तिथवर जायला किती महिने लागले ते पडद्यावर येत नाही. मग इंधन संपत आल्यामुळे गार्गान्टुआ या कृष्णविवराच्या कडेने गोफणीतून सुटल्यासारखी झेप, तिची किंमत ५१ वर्षं. बेरीज ७६ आणि वर काही महिने. यानंतर शनीजवळच्या स्थानकात कूपर डोळे उघडतो आणि डॉक्टर त्याला सांगतात, तुम्ही १२४ वर्षांचे आहात. इथे बेरीज अडकते. त्याबद्दल पुढे बोलू.

निघताना कूपरचं वय किती? कुठे सांगितलंय का?

सरळ सांगितलेलं नाही, पण काढता येतं. निघण्यापूर्वी कूपर मर्फला एक घड्याळ देतो. त्याच्याकडे एक, तिच्याकडे एक. परत आलो की लावून बघू, तोवर कदाचित आपण दोघं एकाच वयाचे झालेले असू, असं तो म्हणतो. पोरीला ते अजिबात आवडत नाही, ती घड्याळ फेकून देते. मिलरच्या ग्रहावरून परतल्यावर तो २३ वर्षांचे साठलेले व्हिडिओ एकापाठोपाठ एक बघत बसतो. टॉमला मुलगा होतो, पुढे तो मुलगा जातो, आजोबाही जातात, शेवटी टॉमच निरोप घेतो. पडदा काळा होतो. आणि मग पहिल्यांदाच मर्फ येते, मोठी झालेली. आज माझा वाढदिवस आहे, तुम्ही निघालात तेव्हा जेवढे होतात तेवढी मी आज झाले, असं ती सांगते.

तिचे १०, त्यात २ आणि २३ मिळवा. पस्तीस. म्हणजे कूपर पस्तिशीत निघाला. पटकथेत हा एक निरोप दोन कामं करतो: बापाला मोडतो आणि हिशेबाचा खुंटा पक्का ठोकतो. वयाचा आकडा इतक्या बेमालूमपणे सांगितलेला दुसरा प्रसंग मला पटकन आठवत नाही.

मिलरच्या ग्रहावरच्या एका तासाला पृथ्वीवर सात वर्षं, हे प्रमाण पिक्चर पाळतो का?

बऱ्यापैकी पाळतो. कृष्णविवराच्या ओढीमुळे तिथे काळ मंदावतो. सात वर्षांचे तास होतात सुमारे ६१,३६२. म्हणजे त्या ग्रहावर दीड सेकंदही होत नाही तोवर पृथ्वीवर एक अख्खा दिवस मावळतो. २३ वर्षं ४ महिने ८ दिवसांना सातने भागलं की साधारण ३ तास २० मिनिटं येतात. यानाच्या इंजिनात पाणी शिरल्यावर ते निचरायला पाऊण ते एक तास लागेल असं सांगितलं जातं. उतरणं, गुडघाभर पाण्यातून चालणं, लाट, आणि जातायेताना वाढत-घटत जाणारा फरक हे सगळं धरलं तर सव्वातीन तास अवाच्या सवा वाटत नाहीत.

पुढच्या वेळी पाहाल तेव्हा कूपरचा सहकारी डॉइल दारात उभा राहून लाट बघत थबकतो तो क्षण घड्याळ लावून बघा. तो तिथे काही सेकंदच रेंगाळतो. तेवढ्यात मर्फच्या शाळेचा आठवडा सरतो.

पण हे शास्त्राला धरून आहे की नुसती कल्पना?

नोलनने आकडा आधी ठरवला आणि किप थॉर्न यांना सांगितलं की हा बदलायचा नाही. थॉर्न या पिक्चरचे शास्त्रीय सल्लागार आणि कार्यकारी निर्माते. आधी त्यांना ते अशक्य वाटलं, नंतर गणित केल्यावर जमलं: गार्गान्टुआचं वस्तुमान १० कोटी सूर्यांएवढं हवं आणि त्याचं फिरणं कमाल शक्य वेगाच्या जवळजवळ टोकाला हवं, फरक शंभर लाख कोटीत एका भागाचा. निसर्गात असं कृष्णविवर सापडणं महाकठीण, पण नियम मोडत नाही.

गंमत पुढे आहे. पडद्यावर दिसणारं गार्गान्टुआ मात्र या वेगाने फिरत नाही. इतक्या वेगात त्याची सावली एका बाजूने चपटी दिसते आणि प्रेक्षक गोंधळला असता, म्हणून चित्र काढताना कमाल वेगाच्या ०.६ पट वेग घेतला. म्हणजे गोष्टीतलं कृष्णविवर आणि चित्रातलं कृष्णविवर ही दोन वेगळी आहेत! मला ही तडजोड मान्य आहे. थॉर्न यांना पुढे २०१७ मध्ये गुरुत्वीय लहरींच्या कामासाठी नोबेल विभागून मिळालं. ज्या लायगो वेधशाळेत ते काम झालं तिचं भारतीय भावंड आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभं राहायचं आहे.

मिलरचा सिग्नल दहा वर्षं येत होता, मग ती नुकतीच कशी मेली?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात मोठी फटही हीच.

लाझारसची मंडळी निघाल्यापासून कूपरचं यान वर्महोलपलीकडे पोहोचेपर्यंत पृथ्वीवर बारा वर्षं झाली. मिलरचा दोनेक वर्षांचा प्रवास वजा केला तर तिला उतरून दहा वर्षं झाली. दहाला सातने भागा: तिच्या घड्याळात १ तास २५ मिनिटं. कूपरच्या यानातली शास्त्रज्ञ अमेलिया ब्रँड म्हणते की ती काही तासांपूर्वीच उतरली आणि काही मिनिटांपूर्वीच मेली असणार. गणित तर त्याहून निर्दय निघतं. ती उतरली, पाणी आहे म्हणून खूण पाठवली, आणि एक-दोन लाटांतच संपली.

आता फट. पलीकडून दर वर्षी एक साधी हो-नाही छापाची खूण येते, एवढंच नासाला कळत असतं. हे वर्ष कोणाचं? मिलर तिच्या घड्याळाप्रमाणे वर्षाला एक खूण पाठवत असेल तर पृथ्वीवर दुसरी खूण यायला एकसष्ट हजार वर्षं थांबावं लागेल. पृथ्वीच्या घड्याळाप्रमाणे पाठवत असेल तर तिला दर साडेआठ मिनिटांनी बटण दाबावं लागेल. पिक्चरचं उत्तर असं, की पहिलीच नोंद पुन्हापुन्हा घुमत राहिली. ठीक, पण त्या ग्रहावरची प्रत्येक लहर ताणून, मंदावून येणार. वर यानातच थांबलेल्या ज्या रोमिलीने काळ मंदावल्याचा आकडा उतरण्याआधीच सांगितला, त्याला हे कळायला हवं होतं, की या बाईकडे जेमतेम तासाभराचं निरीक्षण आहे. एका तासाच्या अनुभवावर कुणी शेजारच्या गावात भाड्याने खोलीही घेत नाही.

तरी मी हे चुकीपेक्षा घाईच्या खात्यात टाकतो. त्या क्षणी सगळे जण ‘आपली किती वर्षं जातील’ एवढंच मोजत होते. मिलरची किती मिनिटं झाली असतील, हे उलटं भागायचं कुणालाच सुचलं नाही.

रोमिली २३ वर्षं झोपला का नाही? शीतनिद्रेची सोय होती ना?

होती, आणि त्याने ती एक-दोनदा वापरलीही. पण हे परत येतील यावरचा त्याचा विश्वास उडाला आणि उरलेलं आयुष्य स्वप्नात घालवणं त्याला बरं वाटेना. दार उघडतं तेव्हा दाढीत पांढरे केस घेऊन तो उभा असतो आणि किती वर्षं झाली ते दिवसांपर्यंत सांगतो. ‘आठ दिवस’ हे जो सांगतो त्याने दिवस मोजले आहेत. अख्ख्या पिक्चरमध्ये शून्य ढोंग असलेलं हे एकमेव पात्र, आणि पटकथेने त्याला मानच्या यंत्रमानवाच्या स्फोटात दोन सेकंदात संपवलं. हा अन्याय मी अजून विसरलेलो नाही.

डॉ. मान पहिल्यापासूनच दगाबाज होता का?

तारखा लावून बघा, उत्तर सापडतं. कूपरचं एन्ड्युरन्स यान निघालं तेव्हाच मानचा ग्रह आशादायक यादीत होता. म्हणजे खोटी खूण त्याआधी गेलेली होती. लाझारस निघून तेव्हा १० वर्षं झाली होती, त्यातली साधारण दोन प्रवासात. तेव्हा मानने जास्तीत जास्त आठेक वर्षं त्या गोठलेल्या ढगांमध्ये, ६७ तासांचा दिवस आणि ६७ तासांची रात्र काढत, बटण न दाबता काढली. आपण वर्षानुवर्षं मोह आवरला असं तो म्हणतो ते खरं असू शकतं. खोटारड्याचं हे एक वाक्य हिशेबाला उतरतं.

नंतर तो झोपेच्या पेटीत शिरला आणि उठवायची तारीखच लावली नाही. पाहुणे आले ते आणखी पंचविसेक वर्षांनी. मोहिमेतला सगळ्यात शूर म्हणून ज्याचं नाव घेत होते, तो पेटी उघडताच लहान पोरासारखा गळ्यात पडून रडतो. ते रडणं नाटकी नाही, असं माझं मत. खोटं त्याने एकदाच, जगण्यासाठी, केलं. पुढचं सगळं ते एक खोटं झाकायला. कूपरला परत जायचंय म्हटल्यावर यान जाणार, यान गेलं की आपण पुन्हा एकटे. त्याला जीव प्यारा होता इतकंच, आणि तो जीव मानवजातीच्या भल्यासाठी आहे अशी त्याने स्वतःची समजूत घातली. कूपरच्या शिरस्त्राणाची काच फुटलेली, तो अमोनियात गुदमरतोय, आणि मान त्याला मरताना मुलं दिसतात का यावर प्रवचन देतोय. मग ते बघवत नाही म्हणून पाठ फिरवतो. पाठ फिरवणं हे त्याचं खरं रूप. दगाबाज डोळ्यांत डोळे घालून मारतो, भित्रा पाठ फिरवतो.

नासाच्या प्रोफेसर ब्रँडना (अमेलियाचे वडील) माणसांना पृथ्वीवरून उचलून नेण्याचं गणित सुटणार नाही हे माहीत होतं, तर मर्फला एवढी वर्षं त्याच फळ्यासमोर का उभं केलं?

गणित आपण निघण्याआधीच सुटलं होतं, आणि उत्तर ‘जमणार नाही’ असं होतं, असं मान सांगतो. म्हणजे शून्य सालाच्या दहा वर्षं आधी. प्रोफेसर वारले साधारण २५ व्या वर्षी. पस्तीस वर्षं हा माणूस खडू घेऊन खोटं लिहीत होता. पृथ्वीवरच्या लोकांना उचलून न्यायचं असेल तर गुरुत्वाकर्षणावर काबू हवा, त्यासाठी कृष्णविवराच्या आतली माहिती हवी, आणि आतून काही बाहेर येत नाही. म्हणून प्लॅन ए, म्हणजे सगळ्यांना वाचवायचा, हा देखावा. खरा होता प्लॅन बी: पाच हजारांवर फलित बीजांडं घेऊन दुसरीकडे नवी वस्ती.

हेतू उघड आहे. तुमची मुलं वाचणार नाहीत, पण वंश वाचेल, यासाठी कोणी घरदार सोडत नाही. पण मर्फचं काय? तिला फसवायची गरज नव्हती; ती काही यानात बसणार नव्हती. माझा अंदाज असा की प्रोफेसरांना फळ्यासमोर कोणीतरी हवं होतं जे अजून खरंच प्रयत्न करतंय. कदाचित पोर चूक काढेल, कदाचित आपणच चुकलो असू. मरताना ते तिची माफी मागतात, आणि लगोलग मृत्यूला शरण न जाण्याची ती कविता पुटपुटतात, जी त्यांनी कूपरचं यान निघतानाही म्हटली होती. स्वतः केव्हाच शरण गेलेल्या माणसाच्या तोंडी ती येते, हे पहिल्यांदा पाहताना कळतच नाही.

मानऐवजी लाझारसमधल्या एडमंड्सच्या ग्रहावर जाऊ, हे अमेलियाचं म्हणणं बरोबर होतं. कूपरने ऐकायला नको होतं का?

ग्रह राहण्याजोगा निघाला, हे खरं. पण त्या क्षणी बाजू मांडताना ती आकडे सोडून प्रेमावर बोलायला लागली, आणि तिचं एडमंड्सवर प्रेम आहे हे कूपरने सगळ्यांसमोर उघड केलं. ते त्याने दुष्टपणे केलं असंही वाटतं. नुकताच तो २३ वर्षं गमावून बसला होता आणि मिलरच्या ग्रहावर तिच्या हट्टापायी उशीर झाला होता. शिवाय स्वतःचा हेतू त्याने झाकला. त्याचाही निर्णय घरी कसं जाता येईल यावरच चालला होता. दोघंही प्रेमापोटीच मत देत होते, एकाने ते कबूल केलं.

आणि चूक झाली नसती तर? सरळ एडमंड्सकडे गेले असते तर कूपर कृष्णविवरात पडला नसता, आतली माहिती मर्फपर्यंत गेली नसती, पृथ्वीवरचे सगळे मेले असते.

कूपर मर्फच्या पुस्तकांच्या कपाटामागून ‘थांब’ असंही सांगतो आणि नासाचा पत्ताही देतो. हे परस्परविरोधी नाही का?

आहे, आणि तेच खरं वाटतं. टेसरॅक्टमध्ये, म्हणजे कृष्णविवरातल्या मर्फच्या खोलीचा प्रत्येक काळ दिसणाऱ्या जागेत, पोहोचलेला कूपर प्रथम घाबरलेला बाप आहे. समोर मर्फची खोली, निरोपाचा दिवस. तो पुस्तकं पाडतो, मोर्सच्या सांकेतिक भाषेत ‘स्टे’ पोहोचवतो, आणि पलीकडचा तरुण कूपर ते न ऐकता निघून जातो. स्वतःलाच शिव्या देऊन झाल्यावर त्याच्या लक्षात येतं की टार्स या यंत्रमानवाकडे कृष्णविवराच्या आतली माहिती आहे आणि ती बाहेर पोहोचवायला आपणच इथे हवे होतो. मग तो मागे, धुळीच्या वादळाच्या दिवसाकडे जातो आणि जमिनीवर धुळीच्या जाड-बारीक पट्ट्यांत आकडे पाडतो.

क्रम नीट बघा. मर्फच्या घरात आधी धुळीतला पत्ता, नंतर निरोपाच्या दिवशी ‘थांब’. कूपरच्या अनुभवात आधी ‘थांब’, नंतर पत्ता. पुष्कळांना हा गोंधळ वाटतो. पण टेसरॅक्टमध्ये काळ ही वर-खाली चढायची जागा आहे, आणि तिथे दुसऱ्या मजल्यावरून पहिल्यावर यायला काही हरकत नाही.

मर्फ गणित सोडवते तेव्हा कूपर नक्की कुठे असतो?

इथे संकलनाने भल्याभल्यांना चकवलंय. मानशी झटापट, यान जोडणं, तिकडे मर्फने पेटवलेलं मक्याचं शेत, खोलीत परतलेली मर्फ, हे सगळं आलटूनपालटून दिसतं, म्हणून एकाच वेळी घडतंय असं वाटतं. मानच्या ग्रहापर्यंत ते ठीकही आहे. पण त्यानंतर ५१ वर्षांची झेप झाली. कूपर कृष्णविवरात पडला तेव्हा पृथ्वीवरची मर्फ ८६ च्या पुढे गेलेली होती. आणि घड्याळाच्या सेकंदकाट्यातून तो माहिती पाठवतो ती पस्तीस-छत्तीस वर्षांच्या मर्फला.

म्हणजे इथे काळ नुसता मंदावलेला नाही, निरोप पन्नासेक वर्षं मागे गेलाय. कूपर जीव मुठीत धरून कृष्णविवराला वळसा घालत होता तेव्हा पृथ्वीच्या कॅलेंडरप्रमाणे माणसं वाचून अर्धं शतक झालं होतं. मला हे कळलं ते तिसऱ्या वेळी पाहताना, आणि मी पॉज करून पाणी प्यायला उठलो.

वर्महोल ठेवणारे ‘ते’ म्हणजे कोण? आणि वर्महोल आधी की माणसं आधी?

‘ते’ म्हणजे दूरच्या भविष्यातली माणसंच, असं कूपरला उमगतं. त्यांनी वर्महोल ठेवलं म्हणून माणसं वाचली, आणि माणसं वाचली म्हणून ती ठेवायला ‘ते’ उरले. सुरुवात शोधायला गेलात तर सापडणार नाही. पण विसंगती म्हणाल तर ती यात नाही. रशियन शास्त्रज्ञ इगोर नोविकोव यांच्या नावाने एक तत्त्व आहे: मागे जाता आलं तरी जे घडलं होतं तेच घडवता येतं. थॉर्न यांनीही १९८८ मध्ये सहकाऱ्यांबरोबर वर्महोलमधून कालप्रवासाचा शोधनिबंध लिहिला होता. पिक्चर या नियमाला शेवटपर्यंत धरून राहतो. ‘स्टे’ ऐकून कूपर एकदा जरी थांबला असता तर सगळी इमारत कोसळली असती. तो थांबत नाही.

मग १२४ चं काय? बेरीज चुकली का?

३५ अधिक २ अधिक २३ अधिक ५१, एकूण १११. मानपर्यंतचे महिने धरून ११२ म्हणा. डॉक्टर १२४ म्हणतात. बारा-तेरा वर्षं गळतात.

ती कुठे गेली असतील? पहिली शक्यता, झेप घेऊन झाल्यावर कूपर यानापासून सुटून एकटा आत पडत गेला. तिथे काळ ५१ वर्षांच्या हिशेबाबाहेर आणखी ताणला गेला असेल. दुसरी, टेसरॅक्ट मिटल्यावर तो शनीजवळ कधी बाहेर फेकला गेला हे ‘त्यांच्या’ हाती होतं. झेपेच्या वेळी अमेलिया थट्टेत त्याला १२० च्या घरातला म्हणते, त्यावरून लेखकांच्या मनात आधीपासूनच मोठा आकडा होता असं दिसतं. मला वाटतं कागदावर कूपर चाळिशीकडे झुकलेला असावा आणि वाढदिवसाच्या निरोपाने तो पस्तिशीत ओढला गेला. चूक असलीच तर ती निरोपाच्या प्रसंगापायी झालेली आहे, आणि निवड करायची झाली तर मीही डॉक्टरांचा आकडा सोडून तो निरोप ठेवीन.

शेवटी कूपर टॉमबद्दल एक शब्दही का विचारत नाही?

माझ्या नववीतल्या भाचीने पिक्चर संपल्यावर पहिला प्रश्न हाच केला: ‘मामा, दादाचं काय झालं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वर्षानुवर्षं निरोप पाठवणारा टॉम. पलीकडे निरोप पोहोचत होते, पण तिकडून परत काही पाठवता येत नव्हतं, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. बायको म्हणाली आता सोडून द्या, तेव्हा त्याने सोडलं. मर्फने तर रागाने इतकी वर्षं एकही निरोप पाठवला नव्हता. आणि बाप परततो तो ‘माझी मुलगी कुठे आहे’ म्हणत. टॉम तोवर असता तर १०४ वर्षांचा असता, तेव्हा गेला असणार हे गृहीत धरता येतं. पण विचारायला काय पैसे पडतात?

टॉमचा हट्टही अनेकांना खलनायकी वाटतो. एक मूल धुळीने गेलं, दुसरं खोकतंय, तरी घर सोडत नाही. मला तो कळतो. बापाने शेत त्याच्या हवाली केलं आणि निघून गेला. शेत सोडलं तर बापाने दिलेलं एकमेव काम सोडलं असं होतं. शाळेने कॉलेजच्या यादीतून नाव काढलं तेव्हा तो १५ चा होता. तेव्हापासून त्याला सगळ्यांनी शेतकरी ठरवूनच टाकलं होतं, पटकथेनेही.

कूपर मुलांसाठी गेला की स्वतःच्या हौसेसाठी?

दोन्ही, आणि सासऱ्याने ते बरोबर ओळखलं होतं. ओसरीवर बिअर पीत डोनाल्ड त्याला सांगतो की तू योग्य गोष्ट भलत्या कारणासाठी करू नकोस. कूपर निघताना गाडीतल्या पांघरुणाखाली मर्फ पुन्हा लपली असेल म्हणून ते उचलून बघतो, आणि खाली काही नसतं. त्या रिकाम्या जागेवरच उलटी गिनती ऐकू येते आणि आपण थेट अग्निबाणात. प्रशिक्षणाचे आठवडे, महिने, काहीच दाखवलेलं नाही. घर ते अवकाश, मध्ये काहीच नाही. त्याच्या मनातही नव्हतं.

यात भारताचा संबंध कुठे येतो?

मक्यातून पाठलाग करून कूपर जे ड्रोन उतरवतो ते भारताचं. दिल्लीचं नियंत्रण केंद्र आपल्यासारखंच दहा वर्षांपूर्वी बंद पडलं, असं तो पोरांना सांगतो. तरी ते सौरशक्तीवर वर फिरतंच होतं. शेजारचा शेतकरी भेंडी जाळतो आणि ही जगातली भेंडीची शेवटची सुगी असं कळतं, तेव्हा आमच्या थिएटरात एक जण ‘सुटलो’ म्हणाला होता.

पुराणातल्या रेवतीच्या गोष्टीशी हे जुळतं, असं म्हणतात ते खरं?

ककुद्मी राजा रेवतीला घेऊन तिच्यासाठी वर विचारायला ब्रह्मलोकी गेला, गाणं संपेपर्यंत थांबला, आणि खाली सत्तावीस चतुर्युगं उलटली. काळाचा भाग जुळतो. पण ककुद्मीने मुलीला बरोबर नेलं होतं, त्यामुळे या पिक्चरमधलं दुःख त्या गोष्टीत नाही. शेवटी बलरामाशी लग्नही झालं.

अमेलिया इतकी वर्षं एकटी होती का? आणि तिला आणायला कोणी का गेलं नाही?

एकटी, पण तिच्या घड्याळात फार काळ नाही. ५१ वर्षं तिचीही त्याच वळणात सरली, आणि गळालेल्या बारा-तेरा वर्षांत ती एडमंड्सकडे जाताना झोपेत असू शकते. ती शेवटी दिसते तेव्हा वय वाढलेलं नाही, तंबू नवा आहे, एडमंड्सची कबर नुकती झाल्यासारखी आहे.

दुसऱ्या अर्ध्या प्रश्नाला मात्र माझ्या वहीत उत्तर नाही. मर्फने गणित सोडवलं तेव्हापासून माणसांकडे पन्नासहून जास्त वर्षं होती. शनीच्या शेजारी, वर्महोलच्या तोंडाशी, गहू-मक्याची शेतं आणि बेसबॉलची मैदानं असलेली स्थानकं उभी राहिली. पलीकडे एक बाई आणि पाच हजार बीजांडं आहेत हे नोंदीत होतं. कूपरचं जुनं घर उचलून आणून त्याचं संग्रहालय केलं, पण तिकडे एक यान धाडायला कुणाला सवड झाली नाही. म्हातारी मर्फ तेवढी ते विसरलेली नसते. ती पलंगावरून बापाला सांगते की माझी मुलंबाळं आहेत माझ्याजवळ, तुम्ही जा. आणि तो १२४ वर्षांचा माणूस रात्रीच्या वेळी एक यान चोरतो.